नऊच सीटा

सुगत तायडे यांच्या स्वभावाला नावं ठेवणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या घड्याळाला कोणी नाव ठेवलं नाही. चौतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली वीस मूर्तिजापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. हातात माईक आणि गळ्यात शिट्टी. माईक एसटीच्या प्रवाशांसाठी, शिट्टी काळी-पिवळीवाल्यांसाठी. स्टँडच्या फाटकासमोर काळी-पिवळी जीप उभी दिसली की सुगतराव जेवणाचा डबा उघडा टाकून शिट्टी फुंकत धावायचे. त्या शिट्टीला घाबरून सुटलेल्या जीपमागं पिशव्या सांभाळत पळालेल्या बाया आजही त्यांना रस्त्यात ओळखतात, पण बोलत नाहीत.

आता गंमत पाहा. रिटायर होऊन अमरावतीला घर केलं, पुरते दोन महिने झाले नाहीत, तर तेच काळी-पिवळीवाले हार घेऊन दारात. त्यांचा म्होरक्या पुंजाराम म्हणाला, "साहेब, आमाले हाकलायचे सारे कायदे तुमालेच पाठ हायेत. तवा आता आमचे सेक्रेटरी तुमीच व्हा."

युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय रिटायर माणसाला कोणी साहेब म्हटलं की त्याचं अर्धं डोकं तिथंच काम करायचं थांबतं. सुगतराव सेक्रेटरी झाले. एसटीतल्या जुन्या सोबत्यांनी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

संघटनेची मागणी एकच होती. मूर्तिजापुरात जीपला कायदेशीर थांबा हवा. बस, एवढंच. अकरा वर्षं तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. थांबा नाही म्हणून जीप कुठंही उभी राही, कुठंही उभी राही म्हणून दंड होई, आणि गाडी रोजच पळती म्हणून म्हाताऱ्या माणसांना चढता येत नसे. सुगतरावांनी वर्षभर चपला झिजवल्या आणि परिवहन खात्याच्या आकांक्षा मॅडमना राजी केलं. अकोल्यात जठारपेठेतल्या एका सभागृहात ग्रामीण प्रवासी वाहतूकदारांची परिषद घ्यायची, मॅडमनी पाहुण्या म्हणून यायचं आणि तिथंच, सगळ्यांच्या समोर, थांब्याच्या आदेशावर सही करायची.

इथवर सगळं सरळ होतं. मग परिषदेच्या आदल्या दिवशी बातमी आली की उद्या दुपारी तीनला निवडणुकीची घोषणा होणार. घोषणा म्हणजे आचारसंहिता. आचारसंहिता म्हणजे सही बंद, भाषण बंद, मॅडमही बंद. आणि निवडणूक संपायच्या आत मॅडमची बदली ठरलेली. उद्या तीनच्या आत सही झाली नाही, तर अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर.

त्यात मॅडमनी फोनवर अट घातली. "मी सरकारी गाडीनं येणार नाही. अमरावतीहून तुमच्याच जीपनं येईन. परवाना नऊ सीटांचा आहे, लक्षात ठेवा. दहावं डोकं दिसलं तर सही नाही."

सुगतरावांनी फोन ठेवून लगेच नंबरांची वही उघडली. कारण काळी-पिवळीचे दोन धर्म आहेत. पहिला, ज्याचा नंबर त्याचीच गाडी सुटणार. प्रत्यक्ष कलेक्टर बसायचा असला तरी नंबर मोडत नाही. आणि उद्या सकाळी दहाच्या गाडीचा नंबर होता पुंजारामचा. दुसरा धर्म, सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि भरल्यावरही ती भरतच राहते. पुंजाराम तर या बाबतीत संतमाणूस. रस्त्यात हात वर झालेला दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर. एकदा एक जण बाभळीखाली नुसता आळस देत होता, त्यालाही त्यानं बसवून आणलं होतं.

शेजारचा पियुष बँकेत कारकून होता आणि उरलेल्या वेळात सल्ले देई. तो म्हणाला, "काकाजी, रिस्क काहून घेता? मॅडम अन् त्यांचा शिपाई मिळून दोन. उरलेल्या सात सीटा आपल्याच माणसांनी भरून टाका. गाडी भरलेली, तर पुंजाराम कोणाले घेणार?"

कल्पना झकास होती. वाईट कल्पना नेहमी आधी झकासच असतात. सुगतरावांनी तिच्यात आपल्या अनुभवाची भर घातली. सातही जण अकोल्याला चालले म्हटल्यावर मॅडमना संशय येईल. खऱ्या गाडीत माणसं मधेमधे उतरतात. म्हणून त्यांनी टाइमटेबल केलं. साडू देवमन, बडनेरा, दहा पंचवीस. पियुष आणि त्याची बायको प्रणाली, मूर्तिजापूर. देवमनची बायको जयवंता, बायकोचा चुलतभाऊ धम्मदीप आणि बायको मैना, अकोला. सातवे ते स्वतः.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवून सूचना दिल्या. "गाडीत कोणी कोणाले वळखायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही."

"माया बायकोलेही नाही?" देवमननं विचारलं.

"तिलेही नाही."

"मंग मी नक्की येतो," देवमन म्हणाला.

आदेशाची फाईल, म्हणजे नगरपालिकेच्या ना हरकत पत्रासकट मूळ कागद, सुगतरावांनी मैनाच्या कापडी पिशवीत ठेवायला दिली. "माया हातात दिसली तर मॅडम रस्त्यातच वाचत बसतीन. वाचली की शंका निघते. सही करणाऱ्यानं फाईल वाचू नये, हा माया चौतीस वर्षांचा अनुभव हाय."

मैनाबाईंनी फाईल पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "तीस वर्स वळखून काय भेटलं, उद्या नाही वळखत."

सकाळी दहाच्या ठोक्याला जीप भरलेली. मॅडम वेळेवर आल्या. साध्या सुती साडीतल्या, चष्म्यातून शांत पाहणाऱ्या. पुढची सीट त्यांनी नाकारली. "मी प्रवाशांत बसते." मधल्या बाकावर खिडकीशी मॅडम, मधे मैनाबाई, दाराशी सुगतराव.

पण जीप हलेना. "काय झालं?" सुगतरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

पुंजाराम कळवळून म्हणाला, "साहेब, आवाज दिला नाही ना. आवाज दिल्याशिवाय गाडी काढली नाही मी कधी."

"गाडी भरली हाय. कोणाले आवाज देतं?"

"कोणाले नाही. पण द्या लागते."

शेवटी त्यानं खाली उतरून "मूर्तिजापूरऽ अकोलाऽ" अशी एक हाक मारली, चार माणसं धावत आली, त्यांना हात जोडून माफी मागितली आणि मग गाडी निघाली. सुगतरावांच्या सदऱ्याची पाठ तिथंच भिजली.

गाडीत कोणी चूं करेना. सात जण सात दिशांना बघत होते. जयवंताबाईंना खोकला आला, तोही त्यांनी पदरात दाबला. पुंजारामनं दोनदा मागं वळून पाहिलं, सगळे धड आहेत ना म्हणून.

बडनेरा आलं. देवमन उतरायलाच तयार नाही. हवा लागत होती, बायको बोलत नव्हती, त्याला कशाला उतरायचं सुचतं! सुगतराव डोळे वटारत होते, पण ते अनोळखी माणसासारखे वटारावे लागत होते, त्यामुळं त्यांत दम नव्हता. मॅडमच म्हणाल्या, "अहो भाऊ, चढताना तुम्ही बडनेरा सांगितलंत ना? आलं की."

देवमन उतरला. दहा किलोमीटरवर आणून सोडलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं तो रस्त्यात उभा राहिला. आणि सुगतरावांच्या टाइमटेबलातली चूक तेव्हा त्यांच्या ध्यानात आली. माणूस उतरला की सीट रिकामी होते. सीट रिकामी झाली की पुंजाराम ती भरतो. चौतीस वर्षं वेळापत्रकं हाताळलेल्या माणसाला एवढं कळू नये! त्यांना स्वतःची फार शरम वाटली, पण तोवर मेथीच्या जुड्या घेऊन एक बाई आत चढल्याही होत्या.

बाईंचं नाव रुख्मिणी, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. मग एकेकाला विचारायला लागल्या. "कोन्या गावच्या तुमी?" जयवंताबाई छताकडे बघत बसल्या. "तू रे बापू, कोनाचा?" धम्मदीपनं डोळे मिटले. "अन् तुमी ताई?" प्रणालीनं मोबाइल कानाला लावला. रुख्मिणीबाई चक्रावल्या. "अवं माय! मुकेच भरले काय गाडीत?"

मैनाबाईंच्या ओठांशी शब्द येऊन परत जात होते. तेवढ्यात मॅडमनी त्यांनाच विचारलं, "बाई, तुम्ही नेहमी या गाडीनं जाता? सेवा कशी आहे?"

"गाडी चांगली हाय," मैनाबाई म्हणाल्या. "डायवर बी चांगला हाय. सेक्रेटरी मातर लय कटकट्या हाय म्हणते लोक. घरी बी बायकोले शिट्टीवर चालवते म्हणते."

मॅडमनी सुगतरावांकडे पाहिलं. "ओळखता का तुम्ही यांना?"

खरं तर नुसतं "नाही" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण दुखावलेल्या माणसाला एक शब्द पुरत नाही. "नाही नाही, अजिबात नाही! मॅडम, अशा तोंडाळ बाया असतातच गाडीत. बसायले जागा भेटली की तोंडाले कुलूप नाही. आमी दुर्लक्ष करतो."

मैनाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. कुरुम फाटा येईपर्यंत सरळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुंजारामभाऊ, थांबव गाडी. मले इथंच उतराचं हाय."

"पण तुम्ही तर अकोल्या..." सुगतरावांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमाले काय करायचं? तुमी कोण?"

दाराशी सुगतराव असल्यामुळं त्यांनाच आधी खाली उतरून बायकोला वाट करून द्यावी लागली. ती उतरली. तिच्या जागी फाट्यावरचा एक माणूस चढला. पुंजारामनं गाडी काढली. आणि मागं वळून बघताना सुगतरावांना मैनाच्या खांद्यावरची कापडी पिशवी दिसली. फाईल त्या पिशवीत होती.

अकरा वर्षांची फाईल फाट्यावर उतरली होती, आणि "थांबव" म्हणायची सोय नव्हती. अनोळखी बाईच्या पिशवीत संघटनेचा आदेश कसा, हे मॅडमना काय सांगणार?  सुगतरावांनी गुडघ्याआड मोबाइल धरून मेसेज केला, "फाईल तुझ्याकडं आहे. मागच्या गाडीनं लगेच ये."

उत्तर आलं, "आपण कोण?"

"मैना, गंमत नाही. सही तीनच्या आत पाहिजे."

"मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. तोंडाळ असली तरी."

पाच मिनिटांनी, सुगतरावांनी दोनदा "चुकलो" लिहिल्यावर, "येते" एवढंच आलं. त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. मागून संघटनेच्याच पाच जीपा परिषदेसाठी येत होत्या. कोणीतरी वहिनीला घेईलच.

माना गावाजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. गाडीत नऊ. पुंजारामचा पाय ब्रेककडं निघाला. सुगतरावांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारा मागं पडला. पुंजारामनं बाहीनं डोळे पुसले. "हात पाहून पुढं गेलो साहेब, जिंदगीत पयल्यांदा." मूर्तिजापूरला पियुष आणि प्रणाली उतरले. सल्ला देणाऱ्या माणसाला आपलाच सल्ला भर उन्हात भेटला की त्याचा चेहरा कसा होतो, हे मूर्तिजापूरनं त्या दिवशी पाहिलं.

अकोल्याला पोचले तेव्हा बारा वीस. सभागृह माणसांनी गच्च. सगळे चालक-मालक इस्त्रीचे कपडे घालून बसलेले, पण सवयीनं मागच्या खुर्च्या आधी भरलेल्या आणि एका खुर्चीवर दोघे. सुगतरावांनी पाचही जीपवाल्यांना दारातच गाठलं. "वहिनी कुठी हाय?"

पहिला ताठ उभा राहिला. "फाट्यावर हात करत होत्या साहेब. पण आमच्या नऊ झाल्या होत्या. तुमचीच ऑर्डर होती ना, आज कोणी बी असो, दहावी सीट घ्यायची नाही. नाही घेतली."

दुसरा म्हणाला, "आमी बी नाही घेतली." तिसराही तेच. पाचही जण शाबासकीची वाट बघत उभे होते. वीस वर्षं शिट्टी फुंकून जे झालं नाही, ते नेमकं आज झालं होतं.

आता सुगतरावांपुढं वेळ काढण्याशिवाय इलाज नव्हता. स्वागत झालं, शाल झाली, दीप लावला. भाषणंही नंबरानं सुरू झाली. आधीच्याचं पोट भरल्याशिवाय दुसरा उठेना. एरवी सुगतरावांनी माईक हिसकावला असता, आज ते प्रत्येकाला "अजून बोला, अजून बोला" अशा खुणा करत होते. कोपऱ्यात संघटनेचा खजिनदार विपुल मोबाइलवर बातम्या लावून बसला होता आणि दर पाच मिनिटांनी चिठ्ठी पाठवत होता. दीड वाजता, "हॉल दाखवून राहिले." सव्वादोनला, "खुर्च्या मांडल्या." अडीचला, "पाण्याच्या बाटल्या ठेवल्या." ती चिठ्ठी वाचून सुगतरावांना घाम फुटला. बाटल्या ठेवल्या म्हणजे माणसं येणारच.

दोन पस्तीसला मॅडम उठल्या. "तायडे साहेब, फाईल द्या. मला पावणेतीनला इथून निघायचं आहे. आणि तुमच्याशी थोडं बोलायचंही आहे."

"फाईल येऊन राहिली मॅडम. म्हणजे, रस्त्यात हाय."

"ती तोंडाळ बाई घेऊन येत आहेत का?"

सुगतरावांनी हातातली चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली. मागच्या खुर्च्यांवरचे लोक उठून पाहू लागले.

"मी वऱ्हाडातलीच आहे," मॅडम म्हणाल्या. "वऱ्हाडात अनोळखी माणसं गाडीत बसली की दुसऱ्या मिनिटाला एकमेकांचं गाव, पीक आणि जावई विचारतात. त्या भाजीवाल्या बाईंनी विचारलं ना, तसं. बडनेऱ्यापर्यंत कोणी कोणाला एक शब्द विचारला नाही, तेव्हाच मला कळलं की ही सगळी घरची माणसं आहेत. त्या बाई फाट्यावर उतरल्या, तेव्हा तुम्ही वळूनवळून त्यांच्या पिशवीकडंच पाहत होतात. गाडी तुम्ही सजवून आणलीत. मग तुमच्या गाड्या एरवी नऊच घेतात, यावर मी विश्वास कसा ठेवू? मला सही करता येणार नाही."

सुगतरावांनी समोरचा माईक बाजूला सारला. वीस वर्षं माईकवर बोललेला माणूस. अकरा वर्षांचा अर्ज, पुंजारामचे डोळे, ते मागं पडलेले म्हातारे गृहस्थ, सगळं त्यांच्यापुढं उभं राहिलं. ते एवढंच म्हणाले, "चूक माई हाय मॅडम. या डायवरायची नाही. यायले शिक्षा देऊ नका."

"अवो, सरका!" दारातून आवाज आला.

मैनाबाई. केस विस्कटलेले, चेहरा उन्हानं लाल, खांद्याला पिशवी. त्या थेट स्टेजवर चढल्या आणि फाईल टेबलावर आपटली.

"मॅडम, म्या आयकलं दारातून. आता मायं आयका. मी या सेक्रेटरीची बायको हाय. तोंडाळ बी हाय. दोन तास कुरुम फाट्यावर उन्हात उभी होती. संघटनेच्या पाच गाड्या माया नाकासमोरून गेल्या. पाची डायवर मले वैनी म्हणतात, माया हातचा चहा पिऊन जातात. पाचायनंही हात हलवला अन् म्हणले, वैनी, नऊ झाल्या! एकही थांबला नाही. आखरीले एसटीच्या रूपाली कंडक्टरनं थांबवलं, तायडे साहेबांच्या मिसेस ना, चढा म्हणे. अकोल्याच्या स्टँडपासून धावत आली मी. सेक्रेटरीच्या बायकोले भर उन्हात सोडून देते, पण दहावी सीट घेत नाही. यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे तुमाले?"

मॅडमनी पाचही चालकांकडे पाहिलं. "खरं आहे?"

पाच माना खाली गेल्या. "चूक झाली वैनी," एक जण म्हणाला.

"चूक नाही झाली, बह्याडा!" मैनाबाई ओरडल्या. "तेच तर सांगून राहिली!"

विपुलची चिठ्ठी आली, "आले. बसले. माईक ठीक करून राहिले." सुगतरावांनी ती नुसती हातात धरून ठेवली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फाईल उघडली. आणि सगळी वाचली, पहिल्या पानापासून. सभागृहातली दोनशे माणसं त्यांच्या हातातली पानं मोजत होती. शेवटच्या पानावर त्यांनी पेन उघडलं आणि मैनाबाईंना विचारलं, "तुम्ही उभ्या होतात तिथं सावली होती?"

"सावली कायची? नुसता धुरळा."

मॅडमनी मूर्तिजापूरखाली एक ओळ वाढवली, कुरुम फाटा. त्याखाली अट लिहिली, नऊच सीटा, वेळेवर, दहावी व्यक्ती आढळल्यास थांबा रद्द. मग सही केली. दोन एकोणसाठ. मिनिटभरात विपुल ओरडला, "लागलीऽ!" आचारसंहिता लागली होती, पण लोकांना वाटलं तो सहीबद्दल ओरडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुंजाराम लहान मुलासारखा रडला.

संध्याकाळी साडेपाचचा परतीचा नंबर पुन्हा पुंजारामचाच होता. सुगतराव खुर्च्या मोजून, हॉलच्या किल्ल्या देऊन कोपऱ्यावर आले. मैना, जयवंता, धम्मदीप आधीच जीपमध्ये बसले होते. रुख्मिणीबाईंसारख्याच कोणी दोघी-तिघी आणि बाकीचे प्रवासी मिळून आत एवढा गलका चालला होता की इंजिन ऐकू येत नव्हतं. सुगतरावांनी दाराला हात घातला.

पुंजारामनं हात आडवा केला. "साहेब, नऊ झाल्या."

"अरे, मी हाय."

"तुमी हायेत, म्हणूनच. मॅडमनं लिवलं हाय ना, दहावं डोकं दिसलं तर थांबा रद्द. अकरा वर्सानं भेटला साहेब. मी नाही घालवत."

सुगतरावांनी आत वाकून पाहिलं. "मैना, सांग याले काही. अवं, सांग ना!"

मैनाबाईंनी शेजारणीशी चाललेलं बोलणं थांबवलं. सुगतरावांकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण हायेत वो हे?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "मी तं नाही वळखत."

पुंजारामनं "मूर्तिजापूरऽ अमरावतीऽ" अशी एक रिवाजाची हाक दिली आणि गाडी काढली. सुगतरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. साडेपाच म्हणजे साडेपाच. गाडी वेळेवर सुटली होती, सीटा नऊच होत्या, आणि तक्रार घेऊन जायचं तर सेक्रेटरी तेच होते.